पाखऱ्या कधी सोडायचा

गुरुवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका आतल्या रस्त्यावर पाखऱ्या नावाचं कुत्रं भर धावेत वळलं आणि त्याचा पुढचा उजवा पाय दुखावला.

त्या वेळी तिथे दोन माणसं होती. सोपानराव रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले. त्यांचा मुलगा रणजीत मोटारसायकलवर होता. गाडीच्या मागे दोरीला मेंढीचं कातडं बांधलेलं होतं आणि ते काँक्रीटवरून घासत चाललं होतं. पाखऱ्या कातड्याच्या मागे होता. तो कातड्यापासून हातभर अंतरावर आला तेव्हा सोपानरावांनी दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

कुत्र्याने कातडं सोडलं आणि ते शिळेकडे वळलं. पहिल्याच शिळेला. वळताना पाय सरकला, सगळं अंग त्या एका पायावर आलं, आणि ते आडवं झालं. एकदाच कळवळलं. मग उठून तीन पायांवर सोपानरावांपर्यंत आलं आणि खुर्चीला टेकून उभं राहिलं. चौथा पाय त्याने पोटाशी धरला होता.

सोपानरावांना खुर्चीतून पटकन उठता आलं नाही. त्यांनी बसल्या जागी कुत्र्याची मान धरली आणि रणजीतला हाक मारली. रणजीत गाडी वळवून आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वळला रे. पयल्या शिळेला वळला."

पाखऱ्या कारवानी जातीचा. ही शिकारी कुत्री उंच, अंगाने सडपातळ, लांब तोंडाची आणि कंबरेत इतकी बारीक असतात की नवखा माणूस मालकाला विचारतो, खायला घालता की नाही. त्याला इथे आणलं ज्योतीरामने. ज्योतीराम उदगीरकडचा, एका कंपनीत प्रेसवर ऑपरेटर, आणि सोपानरावांच्या घरामागच्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत बायको आणि दोन मुलींसह राहणारा. गावी भावाची मेंढरं आहेत, म्हणून कुत्री आहेत. जूनमध्ये सुट्टीवरून परत येताना त्याने दोन महिन्यांचं पिल्लू ट्रॅव्हल्सच्या गाडीत पायाशी पिशवीत घालून आणलं. खोलीत ठेवायला जागा नव्हती आणि तसा त्याचा विचारही नव्हता.

"आबा, तुमचं दावं मोकळं पडलंय दोन वर्षं," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. "रोज बघालाव मी. जागा तुमची, कुत्रं दोघांचं."

दावं मोकळं होतं ते हिरी मेल्यापासून. हिरी ही सोपानरावांची शेवटची कुत्री. त्यांच्या वडिलांच्या वेळी या घरची कुत्री माळावर सशामागे सुटत. मग शिकार कायद्याने बंद झाली. मग माळही कंपन्यांसाठी गेला. कुत्री मात्र घरात राहिली. हिरीने नदीकडच्या भाजीच्या तुकड्यातून रानडुकरं हुसकली आणि म्हातारी होऊन अंगणात मेली. आता त्या तुकड्याच्याही बाजूला प्लॉटिंगचे खांब उभे आहेत.

शिकार नाही, रान नाही, मग शिकारी कुत्र्याला शिकवायचं कशाला, असं रणजीतने एकदा विचारलं होतं. रणजीतचे तीन टेम्पो कंपन्यांचा माल वाहतात आणि त्याचं बोलणं थोडक्यात असतं.

"काम न्हाई म्हून शिकवायचं न्हाई व्हय?" सोपानराव म्हणाले होते. "त्याला पळायचंच हाय. तू नको म्हनलास तरी त्यो पळनार. उद्या दोर तुटला, हायवेला गेला, तर तू कंटेनरला हात दाखवनार का? शिळेला वळला पायजे. वळत न्हाई ते कुत्रं इथं महिनाभर जगत न्हाई."

त्यात खोटं काही नव्हतं. पाखऱ्याला शिळेला वळायला शिकवायचं, यावर घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते कधी, यावर.

सोपानरावांच्या घरची रीत अशी, की दिवाळी झाली की नवं कुत्रं सोडायचं. बाजरी निघालेली असते, शेतं मोकळी झालेली असतात, उन्हाचा चटका गेलेला असतो. वडिलांनी तसंच केलं, त्यांनीही तसंच केलं. पिल्लू किती महिन्यांचं झालं हे या घरात कुणी मोजलं नव्हतं.

ज्योतीरामकडची रीत वेगळी. त्याच्याकडे कुत्र्याच्या पुढच्या पायाला हात लावून बघतात. पिल्लाच्या मनगटाशी सुपारीसारखी गाठ असते. वाढ पुरी होत आली की ती बसते. गाठ बसेपर्यंत कुत्र्याला हाकेला यायला शिकवायचं, जवळच्या जवळ, चालत. धावायला सोडायचं ते नंतर, आणि तेही जाणत्या कुत्र्याच्या सोबतीने.

अडचण सोपानरावांच्या गुडघ्यांची होती. आकुर्डीच्या एका हॉस्पिटलात त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आधी दोनदा ठरून मोडलं होतं, एकदा पावसाळ्याचं कारण सांगून आणि एकदा गणपतीचं. या वेळी रणजीतने वडिलांकडून वचन घेतलं होतं. डिसेंबरमधली तारीख घेतली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर बरेच महिने ओढणारं जनावर हातात धरायचं नाही. धक्का बसला, पडलात, तर केलेलं सगळं वाया.

म्हणजे पाखऱ्याला आपल्या हाताने शिकवायचं तर ऑपरेशनच्या आधी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुत्रं सव्वा वर्षाचं होणार, आपल्या मनाने पळायला लागलेलं असणार. आणि आपण पंचाहत्तरीचे. सोपानरावांनी हा हिशेब कुणाला बोलून दाखवला नाही, पण घरातल्या प्रत्येकाला तो माहीत होता. म्हणूनच रणजीतनेही सौदा केला. "तुम्ही ऑपरेशनला नाटक करू नका," तो म्हणाला, "कुत्रं पळवायला गाडी मी चालवतो."

बुधवारी संध्याकाळी ज्योतीराम तिसऱ्या पाळीला जाण्याआधी अंगणात आला. सोपानराव ओट्यावर होते, पाखऱ्या खाली पोत्यावर. सोपानरावांची बायको मंजुळाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ज्योतीरामने कुत्र्याचा पाय हातात घेतला.

"आबा, हात लावून बघा की. हाय अजून."

"बघितलंय."

"मग?"

"मंग काय. दिवाळी झाली, तुळशीचं लगीन झालं. आता काय शिमग्याची वाट बघायची?"

"आमच्याकडं गाठ बसल्याबिगर सोडत नाहीत. माझा भाऊ तर शिव्या घालतो."

"तुज्या भावाला म्हनावं, हितं ये आनि माजं गुडघं घेऊन बस."

ज्योतीराम हसला. पाखऱ्याने त्याच्या हातातून पाय काढून घेतला.

"निदान नदीकडं न्या," तो म्हणाला. "माती तर हाय तिकडं. भुईला पाय रुततो, सरकत नाही."

"नदीकडं उतारानं जायाला मला हेलिकॉप्टर लावू का? माळाच्या वावरात नेतो. आमची समदी कुत्री तिथंच सुटली. माज्या आज्याची, बापाची, हिरी. जागा पायाखालची हाय."

"तिथं रस्ता झालाय की, आबा."

"वावर माजंच व्हतं ते."

"होतं ओ. पण आता काँक्रीट हाय."

मंजुळाबाई ताट हलवत म्हणाल्या, "जेवून जातोस का रं? वांगं केलंय." ज्योतीरामने बसची वेळ झाल्याचं सांगितलं. जाताना तो पुन्हा एकदा म्हणाला, "आठ-पंधरा दिवस थांबा, मी सुट्टी टाकतो, दोघं मिळून बघू." सोपानरावांनी मान हलवली. ती मान कशाला हलवली होती, हे त्याने विचारलं नाही आणि नंतर त्याला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

माळाचं वावर म्हणजे आता वसाहतीच्या मागच्या टोकाचा एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारेच्या कुंपणात पडून असलेले प्लॉट. सोपानरावांना तिथे अजून बांध दिसतात. कडेचं एक बाभळीचं झाड खरोखरच जुनं आहे. त्यावरून ते आपली हद्द सांगतात. गुरुवार हा इकडच्या कंपन्यांचा सुट्टीचा वार. त्या दिवशी सकाळी या रस्त्याला कंटेनर नसतो, बस नसते, वॉचमनसुद्धा केबिनमध्ये झोपलेला असतो. धावायला एवढी मोकळी, सरळ जागा पंचक्रोशीत दुसरी नाही, हे खरं होतं. सोपानरावांनी गुरुवार निवडला तो म्हणून.

रणजीतने त्यांना आणि पाखऱ्याला चारचाकीतून आणलं, खुर्ची बाभळीपाशी मांडली आणि घरी जाऊन मोटारसायकल घेऊन परत आला. कातडं हिरीच्या वेळचं, माळ्यावरून काढलेलं. सोपानरावांनी कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली, कारण कवळी असताना त्यांना शीळ घालता येत नाही. पहिली फेरी हळू झाली. पाखऱ्या कातड्याकडे बघून नुसता उड्या मारत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याला खेळ कळला. तो खाली वाकला, लांब झाला, आणि रणजीतने आरशात पाहिलं तेव्हा तो कातड्याला जवळजवळ गाठत आला होता. रणजीतने वेग वाढवला. त्याला स्वतःलाच गंमत वाटली होती. असं कुत्रं पळताना त्याने लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

तेव्हा शीळ आली.

ज्योतीराम कंपनीच्या बसमधून सातच्या आसपास चौकात उतरला. तिथून खोलीवर जायच्या वाटेवर त्याला रणजीतची चारचाकी समोरून येताना दिसली. मागच्या सीटवर सोपानराव आणि त्यांच्या मांडीवर पाखऱ्या. एवढं मोठं कुत्रं कुणी उगाच मांडीवर घेत नाही. तो रस्त्यातच उभा राहिला. रणजीतने गाडी थांबवून दार उघडलं.

"बस भावा. मोशीला चाललोय."

ज्योतीराम पुढे बसला. मागे वळून त्याने पाय पाहिला, हात लावला नाही. मोशीच्या सिग्नलला रणजीत म्हणाला, "मी जरा पिळली गाडी." मागून सोपानराव म्हणाले, "शीळ मी घातली." ज्योतीराम म्हणाला, "मी काल सांगितलो होतो," आणि मग, थोडं थांबून, "पण जाऊ द्या."

मोशीतला जनावरांचा दवाखाना एका नव्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात आहे. डॉक्टर दिपाली तिथे सकाळी आठला येतात. तोपर्यंत बाकावर या तिघांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर लोकरी स्वेटर घातलेलं, केस डोळ्यांवर आलेलं एक छोटं कुत्रं. पाखऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"काय खातंय हे?" सोपानरावांनी विचारलं.

"चिकन-राइस. गाजर घालून."

"आनि काम काय करतंय?"

बाई हसल्या. "काही नाही. आमच्याकडं बघत बसतं."

"बरंय," सोपानराव म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते.

डॉक्टरांनी आधी कुत्र्याला हुंगू दिलं, मग पाय तपासला. वय विचारलं.

"दिवाळी झालीया त्याची," सोपानराव म्हणाले.

"म्हणजे किती महिने?"

"गुढीपाडव्यानंतर जन्मलाय," ज्योतीराम म्हणाला. "सात होऊन गेलेत."

एक्स-रे काढल्यावर त्यांनी तो स्क्रीनवर दाखवला. मनगटाच्या वर हाडात एक आडवी फट दिसत होती. रणजीतने मोडलंय का म्हणून विचारलं.

"नाही, ही फट असतेच या वयात. इथे अजून पक्कं हाड झालेलं नाही, मऊ आहे. पाय लांब होतो तो इथूनच. बाहेरून हात लावला की गाठ लागते ना, ती हीच."

ज्योतीरामने खाली पाहिलं. त्याने सोपानरावांकडे पाहायचं टाळलं, हे रणजीतच्या लक्षात आलं.

"मग झालंय काय?"

"या जागेला मार बसलाय. किती बसलाय ते आज दिसत नाही. इथे हाडं दोन आहेत, शेजारी शेजारी. एकाची वाढ थांबली आणि दुसरं वाढत राहिलं तर पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागतो. वाढ थांबली नाही, तर महिन्याभरात तुम्हाला कळणारही नाही की काही झालं होतं."

"कवा कळंल?"

"आता पट्टी घालून देते. चार आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर उडी नाही, धाव नाही, जिना नाही. दोरावर, चालत, तेही अंगणात."

सोपानरावांनी कवळी अजून लावलेली नव्हती. त्यामुळे त्यांचा पुढचा प्रश्न डॉक्टरांना दोनदा विचारावा लागला.

"पळंल का?"

"चालेल, एवढं आज सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "पळायचं मला आज विचारू नका, आबा."

पुढचे दिवस पाखऱ्याला अंगणात ठेवणं हेच मोठं काम झालं. पायाला हिरवी पट्टी, गळ्यात दोर. त्याला दुखत नव्हतं तेव्हा त्याला पळायचं होतं, आणि दुखत नव्हतं असा वेळ रोज वाढत होता. दिवसा दोर मंजुळाबाईंच्या खाटेला बांधलेला असायचा. संध्याकाळी ज्योतीराम, पाळी असेल त्याप्रमाणे, येऊन त्याला ओट्यापासून फाटकापर्यंत चालवायचा. रणजीतने फाटकाच्या खालच्या फटीला पत्रा ठोकून घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सोपानराव खुर्चीत बसून बघत. कुत्र्याला ते नावाने हाक मारत, ताटली वाजवत, मांडीवर थाप मारत. शीळ घालत नसत. मंजुळाबाईंनी हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळखलं, कारण कवळी दिवसभर तोंडात असायची. एरवी ती जेवणापुरती.

"घातली शीळ तर बांधलेल्या जागेवरनं उसळंल ते," सोपानरावांनी ज्योतीरामला कारण सांगितलं. "शिकलंय ना. आता न शिकल्यागत कसं करंल?"

मंजुळाबाई त्या दिवशी बाजरीच्या कण्या शिजवत होत्या. पाखऱ्यासाठीच. चुलीवरचं पातेलं ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "हिरीच्या येळंला बी ह्याच केल्या व्हत्या. तिची आय व्याली ती संक्रांतीत. मी तिळाचं लाडू वळत व्हते आनि ही माणसं बोलवाय आली, कुत्री व्याली म्हून. त्याच्या आधीची बी थंडीतलीच."

सोपानरावांनी मान वर केली.

"समदी थंडीतली?"

"माज्या देखत तर समदी. पाडव्याचं पिल्लू हेच पयलं आलं घरात."

ज्योतीराम बोटांवर महिने मोजायला लागला आणि मधेच थांबला. मोजायची गरज नव्हती. संक्रांतीचं पिल्लू दिवाळीनंतर सोडलं तर ते दहाव्या महिन्यात असतं. घरची रीत चूक नव्हती. ती थंडीत जन्मलेल्या पिल्लांची होती.

"मंग आधी बोलायचं की," सोपानराव म्हणाले.

"इचारलं व्हतं का कुनी? तुजं काम न्हाई त्यात डोकं घालायचं, असं म्हनायचा तुमी. पन्नास वर्षं म्हनलासा."

ज्योतीरामला वाटलं, आबांना आता बरं वाटेल. रीतच फसवी निघाली, त्यांचा काय दोष. त्याने तसं बोलूनही दाखवलं.

"रीत राहू दे," सोपानराव म्हणाले. "आदल्या सांजेला तू पाय धरायच्या आधी मी धरला व्हता. गाठ हाताला लागत व्हती. मला माजी तारीख दिसत व्हती, त्याची न्हाई."

मंजुळाबाईंनी कण्या ताटलीत काढल्या आणि फुंकर घालत निवू दिल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी ज्योतीरामने विषय काढला. तो रणजीतशी आधी बोलला, टेम्पोत माल भरताना. त्याचं म्हणणं असं, की पट्टी निघाल्यावर पाखऱ्याला उदगीरला न्यावं. तिथे काळी माती आहे. भावाकडे सहा वर्षांची कुत्री आहे, शहाणी. पाखऱ्या तिच्या मागे चालत राहील, मेंढरांबरोबर हळूहळू, आणि गाठ बसली की भाऊ त्याला सोडेल. वर्षभराने परत आणू.

"वर्षभराने आणतो म्हणणारा माणूस आणत नसतो," रणजीत म्हणाला.

"मी आणतो ओ."

"तू आणशील रे. म्हातारा वाट बघत बसेल त्याचं काय?" रणजीतने ताडपत्रीची दोरी ओढली. "आणि कुत्रं गेलं तर ते ऑपरेशनला यायचे नाहीत. मला ठाऊक आहे. म्हणतील, आता कशाला चालायचंय."

"आणि कुत्रं इथं राहिलं तर?"

"तर ते हॉस्पिटलात, मी रस्त्यावर, तू शिफ्टला, आणि दोर आईच्या हातात. तिचं वजन किती, त्याची ओढ किती." तो थांबला. "मला सांग ना भावा, तूच सांग. मी काय करू?"

दोघांनी मिळून गाडीची फळी लावली.

सोपानरावांना सांगायचं काम शेवटी ज्योतीरामवरच आलं. तो बोलला तेव्हा पाखऱ्या त्यांच्या पायाशी झोपला होता, हिरव्या पट्टीचा पाय पुढे लांब केलेला. सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं. भावाच्या कुत्रीचं नाव विचारलं. ती शिळेला वळते का, ते विचारलं.

"भाऊ शीळ घालत नाही. हाळी देतो."

"मंग ह्यो शीळ इसरंल."

"इसरंल कदाचित."

"कुत्रं दोघांचं म्हनला व्हतास तू."

"म्हणूनच इचारलालाव, आबा. नसतं तर नेलो असतो."

सोपानराव हसले. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाले, "फोटू येऊ दे." रात्रीच्या जेवणाला त्यांनी रणजीतला हॉस्पिटलात सोबत काय काय न्यायचं ते विचारलं. रणजीत जेवता जेवता थबकला आणि मंजुळाबाईंकडे बघून पुन्हा जेवायला लागला.

चार आठवडे झाल्यावर सोमवारी मोशीला पट्टी काढली. पाय बारीक झाला आहे आणि त्याच्यावरचे केस चपटे पडले आहेत. डॉक्टरांचं मशीन दुरुस्तीला गेलेलं असल्याने एक्स-रे बुधवारी सकाळी काढायचा आहे. पाय वाकला आहे का, असं रणजीतने विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून पाहिले आणि नुसत्या नजरेने आपण काही सांगणार नाही, असं उत्तर दिलं.

घरी आल्यावर पाखऱ्या ताटलीपाशी चारही पायांवर उभा राहिला. चालताना तो उजवा पाय अजून उचलतो, कधी टेकवतो. मनगटाची गाठ मंगळवारी सकाळी सोपानरावांनी आणि दुपारी ज्योतीरामने, दोघांनी वेगवेगळं येऊन, चाचपली. आहे अजून, असं दोघंही म्हणाले.

आकुर्डीच्या हॉस्पिटलातून मंगळवारी दुपारी फोन आला. गुरुवारी सकाळी सातला उपाशीपोटी हजर राहायचं आहे. फोन मंजुळाबाईंनी घेतला आणि येणार म्हणून सांगितलं. उदगीरला न्यायचं ठरलं तर नेता यावं, नाहीतर इथे दोर धरता यावा, म्हणून ज्योतीरामने शुक्रवारपासून चार दिवसांची रजा टाकली आहे. सुपरवायझर म्हणाला, बघू. मंगळवारी दुपारी तो दुसऱ्या पाळीला गेला तोपर्यंत ती मंजूर झालेली नव्हती.